पोथीतली नेमबाजी : लांब पल्ल्याचं शास्त्र अभ्यासातून कसं घडलं

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, ज्यानं एकदाही रायफल खांद्याला लावलेली नाही, तो लांब पल्ल्याच्या नेमबाजीवर काय बोलणार? पण माझी एक सोय आहे. या शास्त्राचा पहिला मोठा लेखकही माझ्याच पंगतीतला होता. आपण कधी तोफ डागलेली नाही, बंदूकही उडवलेली नाही, हे त्यानं आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय. तरी गोलंदाज त्याच्याकडे विचारायला येत. का येत असतील, इथून आपण सुरुवात करू.

आपल्याकडे म्हणतात, पोहायला शिकायचं तर पाण्यात पडावंच लागतं. खरं आहे. ग्रंथ वाचून कुणी पोहायला शिकत नाही. मग नेमबाजी ग्रंथातून कशी शिकता येईल? माझं आजचं म्हणणं असं की जवळचा नेम हातानं शिकता येतो, पण लांबचा नेम नुसत्या हाताला शिकता येत नाही. आणि तो ग्रंथातून शिकायचा, म्हणजे नेमकं काय करायचं, हे कळायला युरोपाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

आधी फरक समजून घेऊ. 1 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते 50 मीटर रायफल प्रकारात. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. तिथेही वारा असतो, गुरुत्वाकर्षण असतं. पण अंतर ठरलेलं असतं आणि गोळी क्षणार्धात पोचते. कसोटी मुख्यतः शरीराची असते. श्वास, बोट आणि मन यांची.

आता हेच लक्ष्य 1,000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर नेऊन ठेवा. नळीच्या दिशेत एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी चूक झाली, तर गोळी साडेदहा इंच बाजूला जाते. गोळी हवेत तीन सेकंद आहे असं धरा. शाळेत शिकलेलं सूत्र लावा. तीन सेकंदांत पडणारी वस्तू 44 मीटर खाली येते, चौदा-पंधरा मजली इमारतीची उंची! म्हणजे नेमबाजाला लक्ष्यावर नळी रोखून चालतच नाही. नळी रोखायची ती आकाशातल्या एका रिकाम्या जागेवर, आणि गोळी उतरायची लक्ष्यावर. ती रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, ती काढावी लागते.

दुसरी अडचण याहून मोठी. गोळी चुकली तर चुकली एवढंच दिसतं, का चुकली ते दिसत नाही. हात हलला? वाऱ्याची झुळूक आली? दारू थोडी कमी पडली? अंतराचा अंदाज चुकला? कार्य एक, कारणं दहा. नुसत्या सरावानं माणूस अशा वेळी चुकीच्या कारणावर इलाज करत बसतो. इथे अनुभव मुका असतो, आणि त्याला बोलतं करायला तत्त्व लागतं.

तोतऱ्याचं नवं शास्त्र

तो पहिला लेखक म्हणजे निकोलो तार्ताल्या. इटलीतल्या ब्रेशा गावचा, गरीब घरातला. 1512 साली फ्रेंच सैन्यानं ब्रेशा लुटलं, तेव्हा हा कोवळा मुलगा जीव वाचवायला चर्चमध्ये लपला होता. तिथे एका शिपायानं त्याच्या तोंडावर वार केले. जबडा फाटला. आई त्याची शुश्रूषा करत राहिली, मुलगा जगला, पण बोलताना अडखळू लागला. ‘तार्ताल्या’ म्हणजे तोतरा. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव त्यानं पुढे आपल्या पुस्तकांवर छापलं.

1531 साली हा वेरोनात गणित शिकवत होता. तिथे एका गोलंदाजानं त्याला विचारलं, की तोफेची नळी किती वर उचलली म्हणजे गोळा सर्वांत लांब जाईल? तार्ताल्यानं विचार करून सांगितलं, 45 अंश. त्याची पडताळणी घेता यावी म्हणून त्यानं एक साधन सांगितलं. सुताराच्या गुण्यासारखं, त्याला ओळंबा टांगलेला, आणि काटकोनाचे बारा भाग पाडलेले. गुण्याचा एक हात नळीत घालायचा आणि ओळंबा कुठल्या खुणेवर येतो ते पाहायचं. 45 अंश म्हणजे सहावी खूण. दुसऱ्या एका गोलंदाजाला हे पटेना. त्याचा अनुभव सांगत होता, की दोन खुणा खाली, म्हणजे 30 अंश. पैज लागली आणि तोफ डागली गेली. तार्ताल्या सांगतो त्याप्रमाणे 45 अंशांवर गोळा 1,972 काठ्या गेला आणि 30 अंशांवर 1,872 काठ्या. काठी हे तिथलं जमीन मोजायचं माप, सहा फुटांचं.

कधी तोफ न डागलेला माणूस जिंकला आणि तोफखान्यात आयुष्य गेलेला हरला! पण टाळ्या वाजवायच्या आधी हे दोन आकडे जरा बारकाईनं पाहा. हवा नाही असं धरून गणित केलं, तर 30 अंशांवरचा पल्ला 45 अंशांच्या पल्ल्याच्या 87 टक्क्यांच्या आत असायला हवा. म्हणजे 1,708 च्या आसपास. तो आला 1,872. फरक अडीचशेहून जास्त हवा होता, तो फक्त शंभर भरला. हवेचा अडथळा असेल तर नेमकं असंच होतं, कमी कोनाच्या गोळ्याला थोडा फायदा मिळतो. म्हणजे त्या अनुभवी गोलंदाजाच्या हट्टात काही तथ्य होतं. हवा तिथे आकड्यांत हजर होती, पण तिला वाचणारं कुणी नव्हतं.

तार्ताल्यानं 1537 मध्ये ‘नोव्हा सायंतिया’ म्हणजे ‘नवं शास्त्र’ हे पुस्तक छापलं. त्यात गोळ्याची वाट तीन तुकड्यांची सांगितली आहे. आधी सरळ, मग वर्तुळाची कमान, मग सरळ खाली. हे ॲरिस्टॉटलच्या शिकवणीतून आलेलं चित्र होतं. नऊ वर्षांनी त्यानंच दुरुस्ती केली, की वाटेचा कुठलाच भाग अगदी सरळ नसतो.

पण मला त्या पुस्तकातली महत्त्वाची वाटते ती उर्बिनोच्या ड्यूकला लिहिलेली अर्पणपत्रिका. तीत तो सांगतो, की माणसांचा संहार अधिक नेमका करणारी विद्या आपण घडवतोय याची त्याला लाज वाटली, आणि त्यानं आपली टिपणं जाळून टाकली. मग तुर्कांची स्वारी इटलीवर येणार अशी भीती पसरली, आणि त्यानं ठरवलं की आता हे लपवणं योग्य नाही. तोंडावर वार झेललेला हा माणूस आहे, त्याची लाज खोटी म्हणवत नाही. पण एक पाहा, भीती समोर आली आणि लाज मागे सरली. ज्ञानाचा आणि शस्त्राचा संबंध आला की हे वळण पुन्हा पुन्हा येतं.

हवा नसलेलं जग

शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, गॅलिलिओनं खरं गणित मांडलं. आडवी गती कायम राहते, उभी गती दर क्षणी बदलते, आणि दोन्ही मिळून वाट होते ती अन्वस्ताची. 45 अंशांचा नियम गोलंदाजांना माहीत झाला होताच. गॅलिलिओनं त्याचं कारण दिलं आणि पुढचं एक पाऊल टाकलं. 45 च्या वर जितके अंश आणि खाली तितकेच अंश, म्हणजे 50 आणि 40, किंवा 60 आणि 30, या जोड्यांचे पल्ले सारखेच भरतात. त्याचा मुद्दा असा, की कारण कळलं की ज्या गोष्टी कुणी पाहिल्याही नसतील त्या आधी सांगता येतात. अभ्यासाच्या बाजूनं याहून मोठी साक्ष नाही.

आणि गॅलिलिओ सावधही होता. तोफेच्या प्रचंड वेगाला हवा आडवी येईल आणि वाट बिघडेल, हे तो बजावून सांगतो. हे गणित उखळी तोफेसारख्या, कमी दारूच्या, संथ गोळ्यांना लागू समजावं, असं त्याचं म्हणणं होतं.

शिष्यांना गुरूची सावधगिरी नेहमी पेलतेच असं नाही. तोरिचेल्ली, आपला वायुभारमापकवाला, त्यानं 1644 मध्ये पल्ल्यांची सुबक कोष्टकं छापली. जेनोआच्या रेनिएरी नावाच्या एका माणसानं तोफेचे बार काढून पाहिले. आकडे जुळेनात. त्यानं पत्र पाठवून विचारलं, तेव्हा तोरिचेल्लीच्या उत्तराचा आशय असा, की आम्ही तत्त्वचिंतकांसाठी लिहितो, गोलंदाजांसाठी नाही. आणि त्याआधी रिच्ची या मित्राला लिहिलेल्या पत्रात तर त्याची भूमिका अशी आहे, की शिशाचे आणि लोखंडाचे गोळे आमच्या नियमानं चालत नसतील तर ते त्यांचं दुर्दैव, आम्ही त्यांच्याविषयी बोलत नाही असं समजू!

हसू नका. यात तथ्य आहे. भूमितीतला त्रिकोण फळ्यावरच्या खडूच्या त्रिकोणाला जबाबदार नसतो. पण कोष्टक गोलंदाजाच्या हातात द्यायचं आणि गोळा चुकला की तत्त्वज्ञानात आश्रय घ्यायचा, हा पळ झाला.

आपल्या न्यायदर्शनात यासाठी नेमका शब्द आहे, उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती पक्की. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे पक्कं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. ही ओल्या सरपणाची अट म्हणजे उपाधी. विधान खरं असतं, पण एका न बोललेल्या अटीवर. अन्वस्ताच्या सिद्धांताची उपाधी होती ‘हवा नसेल तर’. ती गॅलिलिओला ठाऊक होती, पण किती मोठी आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

लंबक, वाकवलेली नळी आणि एक किल्ला

ती मोजली बेंजामिन रॉबिन्सनं. जन्म 1707, इंग्लंडमधल्या बाथ गावी, शांततावादी क्वेकर पंथाच्या घरात. शांततावाद्यांच्या घरातला मुलगा तोफांच्या शास्त्राचा आचार्य व्हावा, इतिहास अशा गमती करतो. 1742 मध्ये त्याचं ‘तोफविद्येची नवी तत्त्वं’ सांगणारं इंग्रजी पुस्तक आलं.

त्याची युक्ती साधी होती. गोळी इतकी वेगानं जाते, की त्या काळच्या कुठल्याच घड्याळानं तिचा वेग मोजता येत नव्हता. मग गोळी मोजायचीच नाही. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि गोळी त्यात घुसू द्यायची. ठोकळा मागे किती झुलला ते खाली लावलेल्या फितीवर वाचायचं. ठोकळ्याचं वजन माहीत, गोळीचं वजन माहीत, झोका मोजला. गोळीचा वेग गणितानं बाहेर येतो. लंबक जवळ ठेवायचा, मग लांब ठेवायचा, आणि मधल्या हवेनं किती वेग खाल्ला ते काढायचं.

निष्पन्न काय झालं? बंदुकीची गोळी नळीतून सेकंदाला 1,700 फुटांच्या आसपास वेगानं निघते. या वेगानं, 45 अंशांवर, अन्वस्ताच्या गणिताप्रमाणे ती सुमारे 17 मैल जायला हवी. प्रत्यक्षात अर्धा मैलही जात नाही. सतरा मैल आणि अर्धा मैल! शंभर वर्षं विद्वानांनी जी गोष्ट किरकोळ म्हणून बाजूला ठेवली होती, तिनं पल्ल्याचे चौतीसातले तेहतीस वाटे गिळले होते.

रॉबिन्सनं दुसरा प्रश्न घेतला. साध्या गुळगुळीत नळीतली गोल गोळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे का भरकटते? त्याला वाटलं, गोळी नळीला घासून गरगर फिरते आणि त्या फिरण्यामुळे हवा तिला एका बाजूला ढकलते. पडताळणीसाठी त्यानं एका बंदुकीची नळी तोंडाजवळ डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले. आता गोळी नळीच्या उजव्या भिंतीला घासणार आणि त्या बाजूला फिरणार. गोळीनं आधी डावीकडे भोकं पाडली, आणि पुढे जाऊन ती वळली उजवीकडे! क्रिकेट पाहणाऱ्यांना फिरता चेंडू हवेत कसा वळतो हे सांगायला नको.

ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं 1745 मध्ये रॉबिन्सच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि त्यावर विस्तृत भाष्य लिहिलं. पण फिरण्यामुळे गोळी वळते हे त्याला पटलं नाही. गोळी नीट गोल नसेल, असं त्यानं कारण दिलं. पुढे 1852 मध्ये माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानं तोच परिणाम प्रयोगानं दाखवला, आणि आज नाव लागतं ते माग्नुसचं.

उपाय रॉबिन्सनं तेव्हाच सांगितला होता. फिरणं थांबवता येत नसेल तर त्याला शिस्त लावा. नळीत आतून पिळदार आटे पाडा, म्हणजे गोळी आपल्या जाण्याच्या दिशेभोवतीच फिरेल आणि बाजूला ढकलली जाणार नाही. आट्यांच्या नळ्या जुन्याच होत्या, शिकारी वापरत होते. पण त्या नेमक्या का लागतात याचं कारण त्यानं दिलं, आणि जे राष्ट्र हे आधी आत्मसात करेल त्याचं पारडं जड होईल, असंही भाकीत केलं.

आता या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. 1750 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबिन्सला किल्ल्यांच्या बांधकामाचा मुख्य अभियंता करून मद्रास किनाऱ्यावर पाठवलं. आजच्या तामिळनाडूतल्या कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो राहिला आणि जुलै 1751 मध्ये तापानं तिथेच वारला. हा किल्ला कंपनीनं घेतला होता 1690 मध्ये, मराठ्यांकडून, राजाराम महाराज जिंजीत असताना. आणि सौदा काय ठरला होता? किल्ला, आणि तिथून तोफ डागल्यावर गोळा जिथवर पडेल तिथवरची चहूबाजूची जमीन! कंपनीनं त्यासाठी मुद्दाम मद्रासहून चांगली तोफ आणवली. त्या हद्दीत आलेल्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं.

यावरून आपल्या लोकांना पल्ल्याचं ज्ञान नव्हतं, असा निष्कर्ष काढू नका. जिंजीला मोगलांशी झुंज चालू होती, पैशाची निकड होती, आणि अशा सौद्यामागे अनेक कारणं असतात. पण एवढं खरं, की पल्ला हा नुसता गणिताचा प्रश्न नव्हता. गोळा कुठे पडतो यावर कुणाचं शेत कुणाच्या हद्दीत जाणार हे ठरत होतं. पल्ला मोजणाऱ्या विद्येचा आचार्य साठ वर्षांनी त्याच हद्दीत येऊन मेला, आणि त्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. तार्ताल्याची लाज मला इथे आठवते.

छप्पर घातलेला पल्ला, मग मोकळं मैदान

एकोणिसाव्या शतकात हे शास्त्र खेळाच्या मैदानावर आलं. 1854 पासून जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्यानं इंग्लंडमध्ये रायफलींचा अभ्यास केला. त्यासाठी मँचेस्टरला 500 यार्ड लांबीचं छप्पर घातलेलं दालन बांधलं आणि आत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले. का? वारा वगळून नुसत्या नळीचा दोष पाहता यावा म्हणून. तोरिचेल्लीनं हवेला मनातून वजा केलं होतं. व्हिटवर्थनं वारा प्रत्यक्षात बाहेर ठेवला, कारण तो नसताना काय होतं हे कळल्याशिवाय त्याचा वाटा किती ते कळत नाही. अमूर्तीकरण दोन्हीकडे आहे, पण एकानं हवा विसरण्यासाठी वगळली आणि दुसऱ्यानं वारा परत आणण्यासाठी.

आणि आता अमेरिका. यादवी युद्ध लढलेल्या त्या देशात साध्या सैनिकाला नेम धरायला कुणी धड शिकवलेलं नव्हतं. न्यू यॉर्कचा जॉर्ज विंगेट हा वकील आणि स्वयंसेवक दलाचा अधिकारी. त्यानं ब्रिटिशांच्या शिक्षणपुस्तिका मागवून वाचल्या आणि 1872 मध्ये रायफलच्या सरावाचं पुस्तक लिहिलं. 1873 मध्ये लाँग आयलंडवर क्रीडमूरचं मैदान सुरू झालं. त्याच वर्षी आयर्लंडचा संघ इंग्लंडमध्ये एल्को ढाल जिंकून आला होता, आणि त्यांनी अमेरिकेला जाहीर आव्हान दिलं. 800, 900 आणि 1,000 यार्ड. अमेरिकनांना इतक्या लांबच्या नेमबाजीचा जवळजवळ अनुभव नव्हता. त्यांच्याकडे होतं वर्षभराचं मैदान, पुस्तक, वाऱ्याच्या आणि प्रत्येक बाराच्या नोंदी, आणि मागून काडतूस भरायच्या नव्या रायफली. आयरिश संघाकडे होत्या मुरलेल्या ठासणीच्या.

26 सप्टेंबर 1874. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज, प्रत्येकाचे पंचेचाळीस बार, एका बाराचे जास्तीत जास्त चार गुण. एकूण 1,080. आयर्लंडच्या मिल्नरनं अगदी मधोमध नेम मारला, पण शेजाऱ्याच्या लक्ष्यावर! शून्य गुण. शेवटी आयर्लंड 931, अमेरिका 930, आणि एकच बार शिल्लक. तो होता जॉन बोडीनचा. नेमकी त्याच्या हातात जिंजर बिअरची बाटली फुटली आणि हात रक्तबंबाळ झाला. त्यानं रुमाल गुंडाळला, 1,000 यार्डांवर नेम धरला, आणि चार गुण घेतले. 934 विरुद्ध 931.

आता कुणी म्हणेल, पुस्तक जिंकलं. नाही. मिल्नरचे चार गुण मोजले असते तर आयर्लंड 935 झालं असतं. तीन गुणांच्या फरकावर सिद्धांत उभे करायचे नसतात. पण दुसरी गोष्ट निर्विवाद आहे. वर्षभर अभ्यास केलेली माणसं जगातल्या सर्वांत मुरलेल्या नेमबाजांच्या बरोबरीला येऊन बसली. हाताला जे मिळवायला पिढी लागते, ते कारण समजलेल्या माणसानं एका वर्षात गाठलं. आणि शेवटचा बार जखमी हातानं स्थिर धरायला कुठलंच पुस्तक उपयोगी पडलं नाही, हेही तितकंच खरं.

अभ्यास म्हणजे काय

चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर मला हा इतिहास विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचा वाटतो. कोष्टक पाठ करणं म्हणजे अभ्यास नव्हे. तोरिचेल्लीचं कोष्टक सुंदर होतं. अभ्यास म्हणजे आपल्या ज्ञानाची उपाधी ओळखणं आणि ती मोजायला बाहेर पडणं. आज मुलं सूत्रं आणतात आणि उत्तरही बरोबर येतं. मी विचारतो, हे उत्तर कधी चुकेल ते सांगा. तिथे वर्ग गप्प होतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजाला हा प्रश्न दर बाराला सोडवावा लागतो. म्हणून तो नोंदवही ठेवतो. लागलेला बार त्याला आनंद देतो, पण शिकवतो तो चुकलेला बार. अट एकच, तो वाचता आला पाहिजे.

आणि शेवटचं. ग्रंथ सांगतो गोळी कुठे पडेल. ती कुठे पडावी, हे ग्रंथ सांगत नाही. तार्ताल्यानं कागद जाळले, मग भीतीपोटी छापले. रॉबिन्सनं किल्ले बांधायचं काम पत्करलं. क्रीडमूरला त्याच विद्येनं दोन देशांची माणसं एका मैदानावर आली आणि कुणाचाही जीव न जाता संध्याकाळी परत गेली. गणित तिन्ही ठिकाणी एकच होतं. फरक केला तो माणसांनी, आणि तो करायला वेगळा अभ्यास लागतो, ज्याला आपण नीतिशास्त्र म्हणतो. त्याचा पल्ला याहून लांब आहे, आणि तिथेही वारा असतोच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, विशेषतः ज्यांनी प्रत्यक्ष रायफल हाताळली आहे त्यांनी.